यादी उभारणाऱ्या भाचीस

मुरगूड
दिवाळीनंतरचा रविवार

चि. बाळ,


तुझं पत्र वाचलं. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी ईमेलची यादी काढायची, तीही कुणाच्या फुकट सेवेवर नव्हे तर स्वतःच्या सर्व्हरवर, हा तुझा बेत मला आवडला. शेवटी तू विचारलं आहेस, "मामा, कुठलं सॉफ्टवेअर टाकू?" त्याचं उत्तर पुढं देतोच. पण पोरी, सॉफ्टवेअर टाकणं हा या कामातला सगळ्यांत सोपा भाग आहे. तुझ्यासारखीला ते एका संध्याकाळी जमेल. त्या सर्व्हरवरून निघालेलं पत्र समोरच्याच्या हाती पडणं, आणि पाच वर्षांनीही पडत राहणं, हे खरं काम.

आपल्याकडच्या पतसंस्थांचं बघ. गाळा, काउंटर, संगणक हे सगळं महिन्याभरात उभं राहतं. ठेवीदार मात्र संचालक कोण आहेत आणि आधीचा व्यवहार कसा आहे ते बघूनच पैसे ठेवतो. मेल सर्व्हरचंही तसंच आहे. जीमेल, याहू, आउटलुक यांच्या दारात तुझा सर्व्हर अनोळखी म्हणून उभा राहणार. तो कोण, कुठला, त्याला कुणी पाठवलं, याआधी त्यानं काय पाठवलं, हे तपासूनच ते पत्र आत घेतात. ही पत कशी मिळवायची आणि कशी टिकवायची, एवढंच मला या पत्रात सांगायचं आहे.

त्याआधी वारणेकडं एकदा नजर टाक. १९९८ साली केंद्र सरकारनं वारणानगरला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू केला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकाराच्या परिसरातली, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तरएक गावं त्यात होती. गावातल्या केंद्रावर येऊन शेतकरी पिकांची माहिती, बाजारभाव, सरकारी योजना बघेल, अशी कल्पना होती. पुढं संशोधकांनी जाऊन पाहिलं तर ते संगणक मुख्यतः उसाच्या नोंदी आणि खताचा हिशेब यांसाठीच चालत होते. माझा ऊस किती भरला, माझ्या नावावर खत किती पडलं, एवढं शेतकऱ्याला हवं होतं. मग २००६-०७ च्या सुमारास सात गावांत संगणक बाजूला ठेवून तेच काम मोबाइलवरच्या एसएमएसनं करून बघितलं, आणि ते नीट चाललं.

त्यामुळं तूही आधी कागदावर लिही, की आपल्या माणसांना कुठल्या पत्राची वाट असेल. एखादे गुरुजी गेल्याची बातमी, स्नेहमेळाव्याची तारीख, बारावीनंतर अडलेल्या पोरीच्या फीसाठी मदतीची हाक, असं काहीही. रक्त हवंय, अपघात झालाय, असल्या घाईच्या कामाला मेल उपयोगाची नाही. तिथं फोन आणि व्हॉट्सॲपच हवं. पण व्हॉट्सॲपच्या गटात १०२४ माणसांची मर्यादा आहे, प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि कामाचा मजकूर सुप्रभाताच्या फुलांखाली गाडला जातो. नंबर उघडा पडतो म्हणून कितीतरी मुली अशा गटात येतच नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पाच वर्षांनी शोधलं तरी सापडावं आणि नंबर न देता सामील होता यावं, यासाठी ईमेलची यादी हवी. तुझ्या कागदावरची पत्रं त्यात बसत असतील तरच पुढं जा.

आता सॉफ्टवेअर. एकानं लिहायचं आणि बाकीच्यांनी वाचायचं, अशी सूचनांची यादी हवी असेल तर लिस्टमंक घे. बंगळूरच्या झिरोधा कंपनीतल्या मंडळींनी ते लिहून सर्वांसाठी खुलं केलं आहे. गो भाषेतली एकच फाइल आणि शेजारी पोस्टग्रेस डेटाबेस, एवढाच त्याचा संसार. लहानशा सर्व्हरवरही आरामात चालतं. सगळ्यांनी सगळ्यांना लिहायचं, अशी चर्चेची यादी हवी असेल तर मेलमॅन ३. त्याची गाभ्याची सेवा वेगळी, यादीचा कारभार बघायचं पोस्टोरियस वेगळं, जुनी पत्रं जपणारं हायपरकिटी वेगळं. हे सगळं पायथनमध्ये आहे आणि त्याला दोन जीबी मेमरी तरी हाताशी ठेव. जुन्या लेखांत मेलमॅन २ टाकायच्या सूचना सापडतील, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. ते पायथन २ वर बेतलेलं आहे, आणि पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० लाच थांबली. माझं मत विचारशील तर पहिलं वर्ष सूचनांचीच यादी चालव. चर्चा सांभाळायला रोज लक्ष घालणारा माणूस लागतो, आणि तुझं शिक्षणाचं शेवटचं वर्ष आहे.

सर्व्हर कुठं ठेवायचा? घरी माडीवर जुना संगणक आहे, त्यावरच चालवते, असं तू लिहिलं आहेस. पावसाळ्यात लाइट जाते, वेदगंगेला पूर आला की दोन-दोन दिवस सगळं ठप्प होतं, म्हणून मी नको म्हणेन असं तुला वाटलं असेल. पण लाइट जाण्याची मला फारशी भीती नाही. मेलची व्यवस्थाच अशी बांधली आहे, की समोरचा सर्व्हर बंद असला तर पाठवणारा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. अडचण घरच्या इंटरनेटच्या पत्त्याची आहे. तो आयपी पत्ता बदलता असतो, मेल पाठवायचा २५ नंबरचा पोर्ट बहुधा बंद असतो, आणि घरगुती पत्त्यांच्या सबंध रांगाच मोठ्या मेल कंपन्या दारातूनच परत पाठवतात. म्हणून महिन्याच्या भाड्यानं मिळणारा छोटा सर्व्हर घे आणि त्यावर डेबियन लिनक्सची स्थिर आवृत्ती टाक. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी विचार: २५ नंबरचा पोर्ट उघडून देणार का, आणि आयपी पत्त्याची उलटी नोंद माझ्या नावानं करून देणार का. कितीतरी मोठ्या क्लाउड कंपन्या पहिल्याच प्रश्नाला नाही म्हणतात. मिळालेला आयपी स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीत आहे का, तेही पहिल्याच दिवशी बघ. आधीच्या भाडेकरूनं केलेली घाण तुझ्या नावावर येते. पत्ता बरबटलेला निघाला तर तो निस्तरत बसू नकोस, दुसरा मागून घे.

आता ओळखीची कागदपत्रं. ही सगळी डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नाव-पत्त्यांच्या नोंदवहीत, राहतात. पहिली ती उलटी नोंद: नावावरून आयपी मिळतो तसं आयपीवरून नाव मिळालं पाहिजे, आणि दोन्हीकडचं नाव एकच असलं पाहिजे. दुसरी एसपीएफ: आमच्या डोमेनच्या नावानं कुठले सर्व्हर पत्र पाठवू शकतात, त्याची जाहीर यादी. त्यात दहापेक्षा जास्त डीएनएस चौकश्या कराव्या लागल्या तर ती नोंदच बाद धरतात, म्हणून ती आटोपशीर ठेव. तिसरी डीकेआयएम: प्रत्येक पत्रावर सर्व्हरनं केलेली सही. सहीची खासगी किल्ली सर्व्हरवर राहते आणि ती पडताळायची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये. २०४८ बिटांची किल्ली केलीस तर एक अडचण येईल: डीएनएसच्या मजकुरात एका तुकड्याला २५५ अक्षरांची मर्यादा असते आणि किल्ली त्याहून लांब भरते. ती अवतरणचिन्हांत तुकडे पाडून लिहायची. सही चुकतेय म्हणून रात्र जागवणारी निम्मी मंडळी इथंच अडकलेली असतात. चौथी डीमार्क: सही आणि एसपीएफ यांपैकी एकही जुळलं नाही तर पत्राचं काय करा, हे आपणच समोरच्याला सांगायचं. सुरुवातीला काही करू नका, फक्त अहवाल पाठवा, एवढंच लिही. अहवालांतून सगळं जुळतंय असं दिसलं, की मगच कडक हो. आणि आयपीच्या सहाव्या आवृत्तीच्या नोंदी पूर्ण होईपर्यंत पत्रं पाठवणाऱ्या पोस्टफिक्स या प्रोग्रामला फक्त चौथ्या आवृत्तीवरून पाठवायला सांग. नाहीतर एका वाटेनं गेलेली पत्रं पोचतात, दुसरीनं गेलेली परत येतात, आणि माणूस गोंधळून जातो.

पुढं चर्चेची यादी काढलीस तर डीमार्कचं एक त्रांगडं समोर येईल, ते आत्ताच सांगून ठेवतो. समज, पुण्यातल्या कुणी याहूच्या पत्त्यावरून यादीला लिहिलं. यादी विषयाच्या आधी शाळेचं नाव जोडते, खाली तळटीप लावते आणि तेच पत्र सगळ्यांना धाडते. मजकूर बदलल्यानं मूळ सही मोडते, आणि पत्र तुझ्या सर्व्हरवरून निघाल्यामुळं एसपीएफही याहूशी जुळत नाही. एप्रिल २०१४ मध्ये याहूनं आणि पाठोपाठ एओएलनं, न जुळणारी पत्रं सरळ नाकारा, असं डीमार्कमध्ये जाहीर केलं, आणि जगभरच्या याद्या एकाएकी कोलमडल्या. पत्र लिहिणाऱ्याची काहीच चूक नव्हती. ज्यांच्याकडून पत्रं परत येत होती, त्यांचीच नावं मात्र यादीतून आपोआप गळायला लागली. मेलमॅनमध्ये आता यावर उपाय आहे: पाठवणाऱ्याच्या जागी यादीचा पत्ता घालायचा आणि मूळ माणसाचं नाव शेजारी ठेवायचं. डीमार्कच्या पानावरची ती सोय पहिल्या दिवसापासून सुरू ठेव.

कागदपत्रं झाली. पण पत खरी टिकते ती माणसांशी वागण्यातून. तुझ्याकडं दोन मेळाव्यांच्या नावनोंदणीच्या वह्या आहेत, त्यांतले पत्ते एकदम चढवू, असं तू लिहितेस. तसं करू नकोस. जेवणाच्या ताटांचा अंदाज यावा म्हणून त्या माणसानं पत्ता दिला होता. तुझ्या यादीला त्यानं होकार दिलेला नाही. आपल्याकडं आता २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आहे, आणि दिलेली माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामापुरती वापरायची, हा त्याचा गाभा आहे. म्हणून फॉर्म ठेव. माणूस स्वतः पत्ता लिहील, त्याला पुष्टीचं पत्र जाईल, त्यातल्या दुव्यावर त्यानं टिचकी मारली तरच तो यादीत येईल. या दुहेरी होकारानं तुझा आकडा कमी दिसेल, दिसू दे. बळंच घातलेली माणसं पत्र आलं की 'स्पॅम'चं बटण दाबतात, आणि ते बटण तुझ्या सर्व्हरची पत थेट घटवतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं नियम आवळले आहेत. जीमेलला दिवसाला पाच हजारांच्या वर पत्रं पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे आहेत, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या आत ठेवाव्या लागतात. तुझी यादी पाच हजारांच्या जवळपासही जाणार नाही. पण हिशेब करून बघ: तीनशे माणसांत एकानं जरी ते बटण दाबलं तरी तू त्या रेषेच्या पलीकडं गेलीस.

म्हणून बाहेर पडायचं दार आत यायच्या दारापेक्षा मोठं ठेव. एका टिचकीत नाव कमी व्हायला हवं, "का सोडताय?" असं विचारत बसू नकोस. पत्राच्या शीर्षनोंदीत यादी सोडायची ओळ घालायची सोय लिस्टमंकमध्ये आहे. ती चालू असली की जीमेल स्वतःच वर बटण दाखवतं, आणि माणूस स्पॅमऐवजी ते दाबतो. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून कुणी नाव काढलं की तुला टोचेल. पण कोण गेलं याची चर्चा घरात काढायची नाही. मामीला सांगितलंस की ते गावभर पोचलंच.

परत येणाऱ्या पत्रांकडं आठवड्यातून एकदा तरी बघ. उत्तराचा आकडा पाचनं सुरू होत असेल तर तो कायमचा नकार: असा पत्ताच नाही, किंवा तुझं पत्र घेणार नाही. चारनं सुरू होत असेल तर सध्या जमत नाही, नंतर ये. चारवाल्यांची काळजी पोस्टफिक्स घेतो. पाचवाल्यांना मात्र यादीतून काढलंच पाहिजे, कारण मेलेल्या पत्त्यांवर वारंवार धडका मारणारा सर्व्हर सगळ्यांना भामट्यासारखाच दिसतो. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये हे आपोआप करायची सोय आहे, ती फक्त नीट मांडून घे.

सर्व्हरच्या सुरक्षिततेबद्दल तुला वर्गात शिकवलं असेलच, तेव्हा तीनच गोष्टी सांगतो. बाहेरच्या कुणालाही तुझ्या सर्व्हरमार्फत तिसऱ्याला पत्र पाठवता येता कामा नये. पोस्टफिक्स मुळात तसं करू देत नाही, पण कुठल्यातरी लेखातली ओळ न समजता चिकटवली की ते दार उघडतं. दुसरं, फॉर्मला यंत्र ओळखणारी चाळणी लाव. २०१६ साली हल्लेखोरांनी हजारो याद्यांच्या फॉर्ममध्ये एकेका माणसाचा पत्ता भरून त्याचा डबा पुष्टीच्या पत्रांनी बुजवून टाकला होता. तुझा फॉर्म उघडा असला तर तूही नकळत त्यात सामील होशील. तिसरं, जुन्या पत्रांचा साठा फक्त सदस्यांनाच दिसेल असा ठेव. कुणाच्या घरचं दुःख, कुणाची आर्थिक अडचण शोधयंत्रात सापडता कामा नये.

मराठीचंही थोडं सांगतो. शाळेतली आणि छापखान्यातली मंडळी अजूनही श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉंटांत टाइप करून मजकूर पाठवतात. तो तसाच चिकटवलास तर समोर इंग्रजी अक्षरांचा भुगा दिसेल. आधी युनिकोडमध्ये बदलून घे, आणि बदलल्यावर एकदा मोठ्यानं वाच. रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. मेलमध्ये पाठवताना ते बेस-६४ या सांकेतिक पद्धतीत गेलं तर चार होतात, पण क्वोटेड-प्रिंटेबलमध्ये गेलं तर नऊ. म्हणून मराठी मजकुराला बेस-६४ निवड. पत्राची साधी, बिनसजावटीची प्रतही नेहमी जोड. फौजेत असलेला आपला माणूस कुठल्यातरी डोंगरावर अधूनमधून येणाऱ्या रेंजवर वाचत असेल. तिथं तुझं बोधचिन्ह उतरणार नाही, चार ओळी उतरतील.

सुरुवात सावकाश कर. पहिल्या दिवशी तुझ्या ओळखीच्या वीस-पंचवीस जणांनाच पाठव आणि त्यांना उत्तर द्यायला सांग. उत्तरं आलेली पत्रं मेल कंपन्यांना खरी वाटतात. मग आठवड्याआठवड्यानं वाढव. महिना-दोन महिने सगळं बरोबर करूनही पत्रं स्पॅममध्येच पडत राहिली, तर हट्ट सोड. यादी आणि नावं तुझ्या सर्व्हरवरच ठेव, फक्त बाहेर जाणारी पत्रं पैसे घेऊन पोचवणाऱ्या एखाद्या सेवेमार्फत पाठव. त्यात कमीपणा काही नाही. आपल्याला जपायची आहेत ती नावं आणि जुना मजकूर. याहू ग्रुप्सवर लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलं; कंपनीनं २०१९ मध्ये जुना मजकूर काढून टाकायचं ठरवलं आणि १५ डिसेंबर २०२० ला सेवाच बंद केली. ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं त्यांचं वाचलं. तू स्वतःच्या सर्व्हरचा आग्रह धरतेस तो याचसाठी असेल, तर तो योग्यच आहे.

मात्र स्वतःचा सर्व्हर म्हणजे एकटीचा सर्व्हर, असं होऊ देऊ नकोस. आपल्याकडं मंडळं, वाचनालयं, संघ अनेकदा बंद पडतात ते सगळ्या किल्ल्या एकाच खिशात राहतात म्हणून. डोमेन तुझ्या नावावर घेऊ नकोस, माजी विद्यार्थी संघाच्या नावावर घे, आणि नूतनीकरणाची सूचना दोघांच्या पत्त्यावर जाईल असं कर. डोमेनची मुदत चुकून संपली तर मिळवलेली सगळी पत एका दिवसात दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. पोस्टग्रेसची प्रत रोज दुसऱ्या जागी जाऊ दे, आणि महिन्यातून एकदा ती प्रत उघडून नवी यादी उभी करून बघ. उघडून न बघितलेल्या प्रतीवर विसंबू नकोस. तुझ्या बरोबरीचं नाही, तुझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असं कुणीतरी मुरगूडमधलंच हाताशी धर. उद्या तुला नोकरी लागेल, तू बंगळूरला किंवा आणखी लांब जाशील. त्या पोरानं किंवा पोरीनं तू नसताना एकदा सर्व्हर अद्ययावत करून दाखवला, की तुझी यादी खऱ्या अर्थानं उभी राहिली असं समज.

तेव्हा कामाचा क्रम असा ठेव. आधी कागदावरची पत्रं, मग सर्व्हरवाल्याला ते दोन प्रश्न, मग डोमेन आणि नोंदी, मग सॉफ्टवेअर, मग तुझी वीस-पंचवीस माणसं. यांतलं कुठलंही वगळून पुढं उडी मारायची नाही. आईला नमस्कार सांग. थंडी पडायला लागली आहे, रात्री जागून काम करू नकोस. डीएनएसच्या नोंदी सगळीकडं पोचायला वेळ लागतोच, तू जागलीस म्हणून त्या लवकर पोचत नाहीत.

तुझा,
मामा

ता. क. माझा पत्ता तुझ्याकडं आहेच, म्हणून परस्पर यादीत घालू नकोस. मलाही फॉर्मचाच दुवा पाठव. पुष्टीचं पत्र आलं की मी स्वतः टिचकी मारीन, आणि ते जीमेलच्या कुठल्या कप्प्यात पडलं तेही कळवीन.